पाण्याकडून वाऱ्याकडे : वर्धा जिल्ह्यात इंजिन गार ठेवण्याचा इतिहास

इंधन जाळून चालणाऱ्या इंजिनात इंधनाच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच प्रत्यक्ष काम करतो. तेवढाच दुसरा भाग धुरावाटे निघून जातो आणि उरलेली बहुतेक उष्णता सिलिंडरच्या धातूत उतरते. ती वेळच्या वेळी बाहेर काढली नाही, तर तेल पातळ होते, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरून बसतो. ही नको असलेली उष्णता टाकायला जागा दोनच : पाणी किंवा हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे ज्या वर्धा जिल्ह्यात नवलाचे नाही, तिथे या दोहोंतून निवड करणे कधीच सोपे नव्हते. गेल्या दीडशे वर्षांत इथली यंत्रे पाणी खर्चून गार होण्यापासून वारा घेऊन गार होण्यापर्यंत आली. या बदलात बरेच काही मिळाले. पण विदर्भातल्या कोरड्या उन्हाचा एक फायदा मात्र हातचा गेला.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला गेला. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडीच्या जागेवर आले आणि तिथे वर्धा शहर वसले. पुढच्याच वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा पुलगाव, वर्धा करत नागपूरला पोचला. १८७०च्या दशकात वरोऱ्याचा कोळसा आणण्यासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे दुसरा लोहमार्ग टाकला गेला. कापूस इथलाच, कोळसा शेजारचा, रेल्वे दारात. त्यामुळे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि पुढे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. हिंगणघाटच्या गिरण्या वणा नदीच्या आणि पुलगावची गिरणी वर्धा नदीच्या आश्रयाने वाढली, यात योगायोग नाही. वाफेच्या इंजिनाला पाणी दोनदा लागते. एकदा बॉयलरमध्ये वाफ करायला, आणि दुसऱ्यांदा काम उरकलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करायला. या दुसऱ्या कामाला पहिल्याच्या कितीतरी पट पाणी खपते. नदी बारमाही नसेल तर तेच पाणी तलावात सोडून, निववून पुन्हा वापरावे लागते.

पाणी निवते ते मुख्यतः बाष्पीभवनाने. एक लिटर पाणी ३० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापवले, तर ते सुमारे २५० किलोजूल उष्णता पोटात घेते. तेच लिटरभर पाणी वाफ होऊन उडाले, तर जवळजवळ नऊपट, म्हणजे २२५० किलोजूलच्या घरात उष्णता सोबत नेते. बाष्पीभवन हवेच्या कोरडेपणावर चालते. वैशाखातल्या दुपारी वर्ध्यात हवा ४५ अंशांवर असली, तरी तिच्यात ओल इतकी कमी असते की उघड्यावर उडणारे पाणी पंचविशीच्या आसपासपर्यंत उतरू शकते. घरोघरचे कूलर वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडून हेच करतात, आणि मुंबईत ते का चालत नाहीत याचे उत्तरही यातच आहे. म्हणजे गिरणीच्या तलावाला इथले ऊन जितके बाधत होते, तितकाच इथला कोरडेपणा त्याला साथ देत होता. अडचण एवढीच की उडालेले पाणी परत येत नाही, आणि ज्या महिन्यात ते सर्वांत जास्त उडते त्याच महिन्यात विहिरी तळ गाठतात.

पाण्याची आणखी एक खोड होती. काळ्या बेसाल्ट खडकातल्या विहिरींचे पाणी बहुधा जड, क्षारांचे. ते आटले की क्षार मागे राहतात आणि धातूवर पांढऱ्या पापुद्र्यांचे थर चढतात. हा थर उष्णता अडवतो. वाफेच्या बॉयलरपासून आजच्या मोटारीच्या रेडिएटरपर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक पिढीच्या मिस्त्रीने क्षारांशी झुंज दिली आहे. उन्हाने जितकी इंजिने तापवली, तितकीच या पाण्यानेही तापवली असावीत.

विसाव्या शतकात वाफेची जागा तेलावरच्या इंजिनांनी घेतली. साताऱ्याच्या कूपर कारखान्याची आणि १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची डिझेल इंजिने महाराष्ट्रभर विहिरींच्या काठी बसली. त्यांना गार ठेवण्याची पद्धत साधी होती. पंपाने उपसलेल्या पाण्यातलीच एक बारीक धार नळीने इंजिनाच्या कवचातून फिरवायची आणि पाटात सोडून द्यायची. ना रेडिएटर, ना पंखा. जोवर पंप चालू तोवर इंजिन गार. आणि विहीर आटली की पंपाचे कामही संपले, इंजिनाचेही. इतकी बिनचूक तजवीज नंतरच्या कुठल्याही मोटारीत सापडत नाही.

पण या पद्धतीत एक दोष दडलेला होता, आणि तो इंजिनाच्या योग्य तापमानाचा विषय समजायला उपयोगी आहे. विहिरीचे ताजे पाणी थेट कवचात शिरत असल्याने इंजिन गरजेपेक्षा थंड राही. थंड सिलिंडरच्या भिंतीवर धुरातली वाफ दवासारखी जमते, तिच्यात इंधनातले गंधक मिसळून आम्ल तयार होते आणि भिंत झिजते. तेल घट्ट राहते, इंधन पुरते जळत नाही. जास्त गार म्हणजे जास्त चांगले, हा समज इथेच रुजला असावा, आणि पुढे मोटारींच्या बाबतीत तो बराच महागात पडला.

जिनिंगची इंजिने मात्र ऋतूच्या दृष्टीने नशीबवान. कापसाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरतो, त्यामुळे वर्षातले सर्वांत कठीण दोन महिने ती बहुतेक विसावलेली असत. प्रवासी मोटारींना ही सवलत नव्हती. लग्नसराई ऐन मे महिन्यातच.

मोटारगाडीचा आरंभही पाणी उडवण्यातूनच झाला. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या तीनचाकीत पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि चालकाला वाटेत पुन्हा पुन्हा ते भरावे लागे. ही कटकट विल्हेल्म मायबाखने मोडून काढली. १९०१ च्या मर्सिडीजला त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बसवला. त्यात सहा मिलिमीटर चौकोनी छेदाच्या ८०७० नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जाई, भोवताली पाणी फिरे, आणि मागे बसवलेला पंखा गाडी हळू असतानाही वारा ओढून घेई. पाणी आता खर्चायचे नव्हते, फिरवायचे होते. इंजिनातून उष्णता काढून हवेच्या स्वाधीन करायची आणि पुन्हा इंजिनाकडे जायचे, एवढेच त्याचे काम उरले. फोर्डच्या टी मॉडेलमध्ये पहिल्या काही गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपही नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरे. थंड मुलखात हे छान चाले. उष्ण मुलखात ते सहज उकळे.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला आणि शेव्हरोले मोटारी व लॉऱ्या देशाच्या आतल्या भागात अधिक सहज मिळू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा देशभर कोळशाच्या वायूवर बस आणि लॉऱ्या चालवल्या गेल्या. भट्टीतून निघणारा तो वायू गरमच इंजिनात सोडला तर फुगलेला असल्याने ताकद घटे. त्यामुळे इंजिनाबरोबर इंधनही गार करावे लागे. वर्ध्यात याहून निराळा तोडगाही निघाला. इथले उद्योगपती जमनालाल बजाज यांच्या फोर्डला बैल जुंपून ती चालवली गेली आणि गमतीने ‘ऑक्स-फोर्ड’ म्हटली गेली, अशी आठवण तिथे सांगितली जाते. रेडिएटर उकळण्याचा प्रश्न त्या गाडीपुरता तरी मिटला होता.

१९६१ मध्ये विदर्भातली सरकारी प्रवासी वाहतूक महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात आली आणि एसटी गावोगावी पोचली. त्या काळच्या बोनेटवाल्या गाड्यांत पंखा पट्ट्याने थेट इंजिनाला जोडलेला असे. यातच सगळी गोम आहे. इंजिन जोरात फिरले की पंखा जोरात, मंद फिरले की पंखाही मंद. सपाट रस्त्यावर गाडी वेगात असते तेव्हा वारा समोरून आपसूक मिळतो, आणि नेमका तेव्हाच पंखा विनाकारण भन्नाट फिरून इंधन खातो. स्थानकात गाडी उभी असताना त्याची खरी गरज असते, तर तेव्हा इंजिन मंद असल्याने तो हात आखडता घेतो. नागपूर-अमरावती रस्त्यावर तळेगाव श्यामजीपंतजवळचा सत्याग्रही घाट चढताना ही उणीव पुरती उघडी पडे. भरलेली गाडी, इंजिनावर पूर्ण भार, चाल मंद आणि पाठीमागून वारा. गाडी ‘उकळली’ की ती सावलीला लावायची, बोनेट उघडून थांबायचे, ओले फडके धरून टोपण सैल करायचे आणि इंजिन चालू ठेवूनच थोडेथोडे पाणी ओतायचे, हा त्या काळच्या चालकाच्या अंगवळणी पडलेला क्रम होता. घाईने गार पाणी ओतले तर तापलेल्या ओतीव लोखंडाला तडा जातो, आणि टोपण एकदम उघडले तर वाफेने हात भाजतो. पेट्रोलच्या गाड्यांत इंधनाच्या पंपावर ओली चिंधी बांधण्याचाही रिवाज होता, कारण नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे. चिंधीवरचे पाणी उडून पंप गार राही. बाष्पीभवनाची जुनी युक्ती अशी मागच्या दाराने टिकून राहिली.

वर्ध्याच्या उन्हाने गाडी का तापते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ६५ अंशांचा. हवा ४६ अंशांवर गेली की फरक उरतो ४४. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, आणि क्षमता मात्र सुमारे दोन तृतीयांश. शिवाय गरम हवा विरळ असते. पंख्याने तितकीच हवा ओढली तरी तिचे वजन सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. डांबरी रस्त्याच्या लगतची हवा तर वेधशाळेच्या आकड्याहूनही तापलेली. ऊन इंजिनाला फारसे तापवत नाही. ते उष्णता टाकण्याची वाट अरुंद करते. आणि बंद नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्याला इथल्या कोरडेपणाचा काडीइतकाही उपयोग नसतो, कारण ते उडतच नाही. गिरणीच्या तलावाला मिळणारी मदत रेडिएटरने गमावली ती अशी.

अरुंद झालेली वाट रुंद करण्याचा सरळ उपाय म्हणजे पाणीच अधिक तापू देणे. १९३०च्या दशकापासून दाबाच्या टोपणाने ते साधले. बंद पद्धतीत वातावरणापेक्षा एका बारने दाब वाढवला, तर साधे पाणी शंभराऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. त्यात ग्लायकॉलचे कूलंट मिसळले की उकळण्याची हद्द आणखी वर सरकते. त्याच दशकात सर्जियस व्हर्नेने मेणाचा थर्मोस्टॅट आणला. मेण ठरलेल्या तापमानाला वितळून फुगते आणि रेडिएटरची वाट उघडते. तोवर पाणी इंजिनातच घुटमळते, म्हणजे इंजिन लवकर योग्य तापमानाला येते. बहुतेक मोटारींत ही वाट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडू लागते.

उष्ण प्रदेशातल्या गॅरेजांत या थर्मोस्टॅटशी वैर धरले गेले. ‘आपल्याकडे याची काय गरज’ म्हणून तो काढून टाकण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. त्यात अर्धेच तथ्य होते. अडकलेला, बंद राहिलेला थर्मोस्टॅट गाडी नक्कीच उकळवतो. पण चांगला थर्मोस्टॅट ऐन उन्हात पूर्ण उघडाच असतो, त्यामुळे तो काढून मे महिन्यातला प्रश्न सुटत नाही. जानेवारीच्या सकाळी मात्र इंजिन कित्येक किलोमीटर थंडच धावते, पेट्रोल जास्त खाते आणि आतून झिजते. विहिरीच्या धारेने गार होणाऱ्या इंजिनाचा जुना दोष अशा रीतीने मोटारीत आणून बसवला गेला.

पंख्याचा प्रश्न रस्त्याच्या आधी रुळांवर सुटला. १९६० च्या दशकात आलेल्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या डिझेल इंजिनांत रेडिएटरचा पंखा विद्युतचुंबकीय क्लचवर चाले. पाणी साठीच्या आसपास पोचले की पंखा मंद फिरू लागे, सत्तरीच्या अलीकडे तो पूर्ण वेग घेई आणि नव्वदीच्या सुमारास धोक्याची सूचना वाजे. गरज असेल तेव्हाच आणि गरजेइतकाच वारा, हे तत्त्व त्यात पुरेपूर होते. वर्धा-बल्लारशा मार्गाने मालगाड्या ओढणारी ही इंजिने या बाबतीत रस्त्यावरच्या ॲम्बेसेडर आणि फियाटच्या एक पिढी पुढे होती.

दुचाकींची वाट निराळी, आणि तिचे मूळ वर्ध्याशी जोडलेले आहे. जमनालाल बजाज १९४२ मध्ये वर्ध्यात वारले. त्यांना दत्तक घेणाऱ्या घराण्यातले बच्छराज यांच्या नावाची बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४५ मध्ये निघाली, आणि तीच पुढे बजाज ऑटो झाली. तिने आधी व्हेस्पा स्कूटर आयात केल्या, मग परवान्यावर बनवल्या, आणि १९७२ पासून चेतक विकली. या स्कूटरचे इंजिन पत्र्याच्या आवरणाखाली झाकलेले असे. समोरचा वारा त्याला लागत नसे. म्हणून चाकासारख्या फिरत्या मॅग्नेटोवरच पंख्याची पाती ओतलेली असत आणि त्यांचा वारा आवरणातून सिलिंडरच्या पंखांवर वळवला जाई. पाणी नाही, नळी नाही, क्षार नाहीत. टोपण हरवण्याची किंवा गळतीची भीती नाही, पण आवरणाचा पत्रा निघाला किंवा पंखांत चिखल बसला तर इंजिन धरून बसे. २०१२ मध्ये बजाजच्या पल्सर २०० एनएस आणि चाकणला बनणाऱ्या केटीएम २०० ड्यूकमध्ये रेडिएटर आला, आणि बजाज चौकात सिग्नलला उभ्या असलेल्या मोटरसायकलचा विजेचा पंखा एकाएकी घरघरू लागण्याचा अनुभव वर्धेकरांना नवा राहिला नाही.

मोटारींत हाच बदल डिसेंबर १९८३ च्या मारुती ८०० ने आणला होता. तिचे इंजिन आडवे बसवलेले, त्यामुळे पट्ट्याने पंखा फिरवणे गैरसोयीचे. म्हणून पंखा विजेचा आणि तापमानाच्या स्विचवर चालणारा. पट्ट्यावरच्या पंख्याचा मूळ दोष यात राहिला नाही. गाडी पळत असताना हा पंखा गप्प, थांबली की चालू. पण सवय नसलेल्या मालकांना तो आवाज बिघाडाचा वाटे. उलट स्विच जळून पंखा फिरलाच नाही, तर लवकर कळतही नसे. त्यावर गॅरेजचा उपाय म्हणजे ‘फॅन डायरेक्ट करणे’, म्हणजे स्विच वगळून तो किल्लीबरोबर सुरू करणे. तात्पुरती सुटका म्हणून हे ठीक. कायमचे केले तर मोटर झिजते आणि हिवाळ्यात इंजिन थंड राहते.

स्पोर्ट्स कार हा या सगळ्याचा टोकाचा नमुना. महाराष्ट्र-गोव्याच्या पट्ट्यात अशा गाड्या बनवण्याचे प्रयत्न झाले. गोव्यातली दोन आसनांची सॅन स्टॉर्म रेनोच्या १.२ लिटर इंजिनावर चाले. दिलीप छाब्रिया यांनी २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात दाखवलेल्या डीसी अवंतीत रेनोचेच दोन लिटरचे टर्बो इंजिन आसनांच्या मागे होते. अशा गाडीत नाक बुटके, वारा शिरण्याची फट लहान, आणि इंजिनाभोवती जागा जवळजवळ नाहीच. टर्बोची उष्णता वेगळी. म्हणून अशा गाड्यांचे ‘नेहमीचे’ तापमान साध्या गाडीच्या मालकाला दचकवणारे असते. रस्त्यावर ९० ते १०० अंश हा सामान्य पल्ला. गर्दीत १०५ पर्यंत जाणे दोष नव्हे. काही जुन्या अमेरिकन स्पोर्ट्स कारमध्ये तर कारखान्यानेच पंखा सुरू होण्याची हद्द १०५ अंशांच्या पुढे ठेवली होती. पद्धत दाबाखाली असल्याने पाणी तेव्हाही उकळत नाही. तेल याहून गरम, शंभर ते एकशेवीस अंशांत असते, आणि जोरदार चालवताना त्याच्याकडे लक्ष देणे अधिक शहाणपणाचे. बहुतेक नव्या गाड्यांत पाण्याचा काटा मधोमध खिळलेला दिसतो, तो मुद्दाम तसा केलेला असतो : ऐंशी ते शंभरच्या पलीकडेपर्यंत तो हलतच नाही. तो हलू लागला तर मात्र थांबणे भाग.

सेलू आणि आर्वी तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी असा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. या वेगाला रेडिएटरवर येणारा वारा कोणत्याही पंख्याला लाजवील इतका असतो. पंखा तेव्हा केवळ अडथळा. गाडी येळाकेळीच्या टोलनाक्यापाशी थांबते तेव्हा उलट घडते. वारा एकदम बंद होतो, पण सिलिंडरच्या धातूत साठलेली उष्णता पाण्यात उतरत राहते आणि काटा थोडा चढतो. म्हणून आजच्या बऱ्याच गाड्यांचे पंखे दोन किंवा अधिक टप्प्यांचे असतात आणि कित्येकदा किल्ली काढल्यावरही काही मिनिटे फिरतात. एसी चालू असेल तर पंख्याला आणखी एक काम असते. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो आणि केबिनमधली उष्णता आधी तिथे टाकली जाते. रेडिएटरला मिळणारी हवा त्यामुळे आधीच तापलेली. वर्ध्यात एप्रिल ते जूनमध्ये उभ्या गाडीचा पंखा सतत चालू दिसतो त्याचे कारण बहुधा इंजिन नसून एसी असते.

देखभालीची रीतही पालटली. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर चोंदला की त्याच्या टाक्या उचकटून नळ्यांत सळई घालून क्षार खरवडत, मग डाख लावून टाक्या परत बसवत. आजच्या रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि टाक्या प्लॅस्टिकच्या. तिथे डाख चालत नाही, तो बदलावाच लागतो. कूलंटमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मिसळले, तर क्षारांबरोबर ॲल्युमिनियमचा गंजही येतो, म्हणून शुद्ध केलेले पाणी किंवा तयार कूलंटच वापरायचे असते. दर काही वर्षांनी ते बदलायचेही असते, कारण त्यातली गंजरोधक द्रव्ये संपतात.

बॅटरीवरच्या गाड्यांनी हा हिशोब पुन्हा उलटा केला आहे. लिथियमची बॅटरी साधारण चाळीस अंशांच्या खाली ठेवणे तिच्या आयुष्याला मानवते. हवाच ४५ अंशांवर असेल, तर कितीही मोठा रेडिएटर आणि कितीही जोराचा पंखा तिला तिथे आणू शकत नाही; हवेपेक्षा थंड करणे त्यांच्या आवाक्यात नाही. म्हणून अशा अनेक गाड्यांत बॅटरीचे पाणी एसीच्या वायूने गार केले जाते. तो वायू बंद नळीत द्रवरूपाने येतो, बॅटरीची उष्णता घेऊन उडतो, मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून तो पुन्हा द्रव होतो. त्यासाठी विहिरीचे पाणी लागत नाही. लागते ती बॅटरीतली वीज, आणि उन्हाळ्यात गाडीचा पल्ला थोडा कमी भरतो त्याचे ते एक कारण आहे.